खाचरावरची तार

आप्पा,

गेल्या आठवड्यात आपल्या खालच्या भातखाचरावरून कॅमेरा गेला. वरच्या बांधावरच्या जांभळापासून पार ओढ्याकडच्या कोपऱ्यापर्यंत, सत्तर मीटर, एका तारेवरून, आणि वाटेत एकदाही हलला नाही. तेव्हापासून मला चैन नाही, हे कुणाला तरी नीट सांगायचंच आहे. ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांनी एकच विचारलं, ‘ड्रोन का नाही वापरला?’ तुमच्या जावयांना सांगितलं तर ते ‘वा, वा’ म्हणाले आणि जेवायला काय आहे ते बघायला गेले. तारेला झोळ किती पडला, तो कसा काढला, वजन कुठे टांगलं, हे ऐकताना ज्याचे डोळे बारीक होतील असा माणूस मला एकच माहीत होता आणि तो चौदा वर्षांपूर्वी गेला. म्हणून तुम्हाला लिहितेय.

आधी कॅमेरा काय ते सांगते, नाहीतर तुमच्या डोळ्यांपुढे लग्नातला शूटिंगवाला येईल, खांद्यावर ते भलंमोठं धूड घेतलेला. आता तसं राहिलं नाही. माझा कॅमेरा मिररलेस आहे, म्हणजे आत आरसा नसलेला. आरसा नाही म्हणून बारका, बारका म्हणून हलका, लेन्ससकट किलोच्या आत. चित्र असं काढतो की ढगाळ दिवसातही भाताच्या पातीवरचा थेंब मोजून घ्यावा. पण सगळी गोम त्या हलकेपणात आहे. हलकी वस्तू थरथरते. त्या शूटिंगवाल्याच्या खांद्यावरचं ओझंच त्याला स्थिर ठेवत होतं, हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. हलका कॅमेरा हातात धरून चार पावलं चाला, तुमचा श्वाससुद्धा चित्रात दिसतो. मग त्याला खांद्यावर टेकवायला काहीतरी हवं, सरकवायला पट्टी हवी, टांगायला पाळणा हवा. ह्या सगळ्याला रिग म्हणतात. बाजारात तयार मिळतात, चकचकीत, काळ्या रंगाच्या. मी घरी बनवते.

पहिली रिग पाण्याच्या पाइपची होती. अर्ध्या इंचाचा पाइप, चार एल्बो, दोन टी, आणि मागे वजनाला वाळू भरलेली बाटली. हिंजवडीच्या आमच्या सोसायटीत ती खांद्यावर घेऊन मी खाली उतरले, तेव्हा वॉचमनने विचारलं, “मॅडम, गळती कुठेय?” दुसरी, सरकणारी पट्टी. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरला ती दोन बाजूंना चॅनेल असतात ना, आत-बाहेर सरकणारी, ती काढून फळीवर बसवली. चित्र सुरेख आलं. फक्त ड्रॉवर काढल्याचं घरात सांगायला विसरले, आणि तुमच्या जावयांनी सकाळी चमचा घ्यायला हात घातला तर सगळा ड्रॉवर त्यांच्या पायावर. ते वऱ्हाडातले, शांत माणूस. एवढंच म्हणाले, “तुमच्या माहेरी चमचा मागितला की हेच होत होतं काय?”

पण खरी अडले ती बोल्टवर. कॅमेऱ्याच्या बुडाला एक भोक असतं, आट्याचं, त्यात बोल्ट जातो आणि त्यावर सगळं उभं राहतं. हार्डवेअरच्या दुकानातून सहा एमएमचा बोल्ट आणला. दिसायला अगदी तोच. दोन आटे गेला आणि अडकला. जरा जोर लावणार, तेवढ्यात हात थांबला. बोल्ट फिरत नसेल तर तो चुकीचा आहे, जोर लावणारा आणखी चुकीचा, हे तुम्ही मला किती वेळा ऐकवलंय. बाहेर काढला, मोजला, आणि लक्षात आलं की हे एमएमचं काम नाहीच, हा दोन सुताचा बोल्ट आहे. पाव इंच जाड, इंचाला वीस आटे. सगळ्या जगातले कॅमेरे अजून सुतावरच उभे आहेत, आप्पा! पुढच्याच रविवारी गावी, रिह्याला आले, माळ्यावर चढले. तुपाचे जुने डबे होते तसेच होते, वर कोळिष्टकं. तिसऱ्या डब्यात दोन सुताचे बोल्ट, ओंजळभर, जुन्या यंत्रांचे, तेलात काळे झालेले. एक पुसला आणि कॅमेऱ्याला लावला. दोन बोटांनी फिरवत गेले, शेवटपर्यंत गेला. मी माळ्यावर एकटीच मोठ्याने हसले, तर खालून आई म्हणाली, “उंदीर हायेत का वर?”

ते डबे मीच लावलेले. शाळा सुटली की पौडला स्टँडमागच्या आपल्या दुकानात यायचं आणि रिह्याची गाडी लागेपर्यंत पत्र्याच्या पेटीवर बसून बोल्ट निवडायचे. पुढे तुम्ही आणि मिस्त्रीमामा ग्रिलं, गेट, शटर करताय, मागे मी सूत वेगळं, एमएम वेगळं करतेय. मला ते काम शाळेपेक्षा आवडायचं. आठवीत असताना मी दुर्बीण करायची ठरवली आणि कोपऱ्यात उभा असलेला एक पाइप कापला. तो कुणाच्या तरी सरकत्या गेटचा निघाला. तुम्ही दुपारी आलात, पाइप बघितलात, हॅक्सॉ बघितली, मला बघितलंत. मी मार खायच्या तयारीने उभी. तुम्ही विचारलंत, “मोजलंस का कापायच्या आदी?” मी म्हटलं, “न्हाई.” “मग ह्ये काम न्हाई. ही नासधूस हाय.” एवढंच. मारलं नाहीत. मला मारलेलं बरं वाटलं असतं. आज मी कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधते, त्याचाच पगार घेते, आणि खरं सांगते, त्या एका प्रश्नापलीकडे मी तिथे फारसं काही विचारत नाही.

आणि नववीतला तो दिवस. तुम्ही वेल्डिंग करत होतात आणि मी काच न धरता, बोटांच्या फटीतून, बराच वेळ बघत बसले. तो निळा-पांढरा ठिपका मला सोडवत नव्हता. संध्याकाळी डोळ्यांत कुणी वाळू टाकल्यासारखं झालं. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, दुधाचा बोळा ठेवला, मी तळमळतेय आणि तुम्ही उंबऱ्यात बसलेले, आत नाही, बाहेर नाही. दोन दिवसांनी डोळे बरे झाले. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, “आजपास्नं दुकानात यायचं न्हाई. गाडीची वाट स्टँडवर बघायची.” मी कारण विचारलं नाही. मी पुढे एक वर्ष स्टँडच्या बाकावर बसले. भिंतीपलीकडून तुमच्या वेल्डिंगचा उजेड पत्र्यावर पडायचा, विझायचा, पडायचा. मी मनात पक्कं धरलं की मी मुलगी आहे म्हणून मला काढलं. कॉम्प्युटरला गेले, नोकरीला लागले, तोवर ते मनात तसंच होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला तुमचं मापं घ्यायचं, लाकडी पेटीतलं व्हर्नियर दिलंत. मी घेतलं, पाया पडले, आणि मनात म्हटलं, आता हे देऊन काय उपयोग. ते वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं.

आता गेल्या वर्षाचं सांगते. श्रावणात आई घरापुढच्या ओट्यावरून उतरताना घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड घातला. तुम्ही असतात तर डॉक्टरांना विचारलं असतंत, किती सुताचा. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता चालू द्या, भरपूर चालू द्या. पण आईने ओटा सोडला नाही. काठी धरून ओट्यापर्यंत यायची, बसायची, आत जायची. उन्हाळा गेला, पाऊस लागला, तरवा, भाताची रोपं, वर आला, तरी ती खाली शेतात आली नाही. आवाठातल्या, शेजारपाजारच्या बायका लावणीला येणार होत्या, त्यांना हो म्हणाली, पण कधी, किती, कुठल्या खाचरापासून, काहीच विचारलं नाही. ज्या बाईने मला भर मीटिंगमध्ये फोन करून सांगितलंय की वरच्या खाचरात पाणी कमी पडलंय, ती बाई आता पाण्याचं नावच काढत नव्हती. मी म्हटलं, “आई, चल ना, मी धरते.” ती म्हणाली, “मी येऊन काय करू? हायेत की बाया.” हे वाक्य तिने इतकं सरळ म्हटलं की मला भीती वाटली.

मग मी मोबाइलवर शेताचा व्हिडिओ काढून आणला. बांधावरून चालत चालत काढला, तिला दाखवला. तिने दहा मोजेपर्यंत बघितला आणि डोळे मिटले. “बंद कर. गरगरतंय मला. कुनी लागलंय का तुज्या मागं, पळतियास ती?” मी दुसरा दाखवला. “नगं म्हनलं ना.” मोबाइल खाली ठेवला आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख झालं. तिला शेत नको नव्हतं, तिला हिसके नको होते. तिला बांधावर उभं राहून जसं दिसतं तसं, सावकाश, शांत दिसलं तर? मला शेतावरून जायला हवं होतं, पण चिखलात पाय न घालता, आणि वाकलेल्या बायकांच्या डोक्यावर ते भिरभिरणारं ड्रोनही न सोडता. मी त्या संध्याकाळी वही घेतली आणि तारेचं चित्र काढलं. दोन टोकं, मध्ये पाळणा, खाली वजन. व्हर्नियर कपाटातून काढलं.

मिस्त्रीमामा आता सत्तरीचे आहेत. पौडला घरीच, पडवीत, लहानसहान कामं करतात. मी रविवारी वही घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसला, चित्र उलटं धरलं, सुलटं धरलं.

“ह्यो काय, विहिरीचा रहाट हाय का?”

“नाही मामा, कॅमेऱ्याचा पाळणा आहे. तारेवरून जाणार.”

“कोन बसनार त्यात?”

“कोणी नाही. कॅमेरा.”

“मंग येवढं लोखंड कशाला? कॅमेऱ्याचं वजन किती?”

“आठशे ग्रॅम.”

त्यांनी वही मांडीवर घेतली. मग पेन्सिल घेतली आणि माझ्या चित्रात कॅमेऱ्याच्याही खाली एक दांडा ओढला, त्याच्या टोकाला एक गोळा. “वजन पायजे, पर वर न्हाई, खाली. बुडाला जड आसल तर डोकं हलनार न्हाई. आन् चाकं दोन पायजेत, येका चाकावर त्यो फिरंल.” चाकं त्यांनीच काढून दिली, सरकत्या खिडकीची नायलॉनची. दांड्याला बूड म्हणून लोखंडी गोल चकती निघाली, त्यांच्याच भंगारातली. मी व्हर्नियर काढून तिचं मधलं भोक मोजायला लागले, तर ते व्हर्नियरकडे बघत राहिले. “ह्ये त्येंचं?” म्हणाले. मी मान हलवली. मग का कुणास ठाऊक, मी इतक्या वर्षांनी विचारलं, “मामा, मला दुकानात यायचं बंद का केलं होतं?”

“डोळ्यांपायी तुज्या,” ते लगेच म्हणाले, जणू कुणीतरी विचारेल म्हणून थांबलेच होते. “दोन दिवस हातात वेल्डिंगचा होल्डर धरवंना त्येंना. धरायचे आन् मागं बगायचे, तू बसलीस का म्हून.” मग चष्मा काढून ठेवत, “आन् गिऱ्हाइकं बी बोलायची. पोर मोठी झाली, कशाला बसवता म्हनायची. त्ये बी व्हतं. दोन्ही व्हतं.” आप्पा, मला वाटलं होतं खरं कारण कळलं की एक काहीतरी निघेल, आणि एकतर राग जाईल किंवा पक्का होईल. तसं काही झालं नाही. पण ‘दोन्ही व्हतं’ हे ऐकून मला फार हलकं वाटलं. मी चकतीचं भोक पुन्हा मोजलं, कारण पहिल्यांदा मोजलेलं विसरले होते.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं शेतात. चार एमएमची वायर, एक टोक जांभळाला, तेही खोडाला पोतं गुंडाळून, आणि दुसरं ओढ्याकडे गाडलेल्या पाइपाला, त्याला मागून दोन ताण दिलेले. ताण आवळायला टर्नबकल. तार सरळ दिसत होती, पण वजन टांगलं की मध्ये अशी झुकायची की पाळणा पाण्याला टेकेल. आवळली. जांभळाकडचं टोक हातभर वर घेतलं. परत आवळली. बायका तरवा उपटत होत्या, एकेक जण येऊन बघून जात होती. कॅमेरा लावायचं धाडस माझं होईना, म्हणून त्याच्या जागी वीट बांधली. वीट निघाली, बांध ओलांडला, खाचरावर आली, आणि बरोबर मधोमध ती टांगलेला आकडा उघडला आणि पचाक! बायका अशा हसल्या की एकीला खाली बसावं लागलं. “आगं, बरं जालं क्यामेरा न्हवता,” आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “नायतर त्याचा बी तरवा आला असता.” मिस्त्रीमामा हसले नाहीत. त्यांनी आकडा उचलला, बघितला, खिशात घातला आणि पौडला जाऊन तो वेल्ड करून बंद करून आणला. वर एक जादा साखळी. “येक सुटलं तर दुसरं धरंल.”

दुसरी वीट पडली नाही, पण डुलत गेली, देवळातल्या घंटेसारखी. मी दोरी धरून बांधावरून चालत ओढत होते, आणि बांधावर सारख्या पावलांनी चालणं मला कधी जमलेलं नाही. माझा प्रत्येक ठेचाळा विटेपर्यंत पोचत होता. आम्ही दोघं बांधावर बसून त्याचा विचार करतोय, आणि मामांची सायकल तिथेच उभी आहे. दोघांनी एकाच वेळी तिच्याकडे बघितलं. हे मी तुम्हाला शपथेवर सांगते, एकाच वेळी! मागचं टायर काढलं, सायकल उलटी केली, ओढायची दोरी त्या रिकाम्या चाकावर गुंडाळली आणि मामांनी हाताने पेडल फिरवलं. सावकाश, एका लयीत, सुरू करताना हळू, थांबताना त्याहून हळू. वीट अशी गेली जशी कुणी ताटातून काहीतरी सरकवावं. मी पाण्यात उतरून नाचले. मामा म्हणाले, “पुरे, पानी गढूळ करतियास.”

एकच राहिलं होतं, पाऊस. कॅमेऱ्यावर काहीतरी घालायला हवं होतं जे लेन्सच्या पुढे येणार नाही आणि वाऱ्याने फडफडणार नाही. मी पिशव्या लावून बघितल्या, रबरबँड लावले, स्वयंपाकघरात सगळा पसारा. आई चुलीशी बसून भाकरी करत होती, बघतच नव्हती माझ्याकडे. मग अचानक म्हणाली, “आण हिकडं.” खताच्या गोणीतला आतला जाड प्लॅस्टिक कागद घेतला, पीठभरल्या हाताने दोन घड्या घातल्या, कात्रीने एक कोपरा तिरका कापला, मागे सुतळी ओवली. पाच मिनिटांत इरलं तयार. अगदी लावणीच्या बायका डोक्यावर घेत तसलं, फक्त वीतभर. कॅमेऱ्याला घालून बघितलं आणि ती पहिल्यांदा हसली. “लई नाजूक दिसतंय गं. सर्दी व्हती का त्याला?”

लावणीच्या दिवशी सकाळी भुरभुर होती. नऊ बायका एका रांगेत वाकलेल्या, हात चाललेत, पुढ्यात हिरवी रांग उठतेय. मी जांभळापाशी, पाळण्याला कॅमेरा लावतेय, दोन सुताचा बोल्ट, हाताने, मग पाव फेरा पान्याने. मामा त्या टोकाला सायकलशी. मी हात वर करते. पाळणा निघतो. तारेवर चाकांचा आवाज येतो, बारीक, भुंग्यासारखा, आणि मग तोही पावसात विरतो. कॅमेरा बांधावरून जातो, बायकांच्या पाठींवरून जातो, बांधावर उभ्या बाईचे डोळे असावेत त्या उंचीवरून. शेजारच्या काकू खालूनच ओरडतात, “कुनी वर बगू नका गं, पिच्चर निगतोय!” आणि अर्थातच सगळ्या वर बघतात. मी श्वास धरलाय. कॅमेरा ओढ्याकडच्या कोपऱ्यावर जातो, मामांचा हात मंदावतो, पाळणा थांबतो. डुलत नाही. अजिबात डुलत नाही. मामा तिकडून अंगठा दाखवत नाहीत, ते तसं काही करत नाहीत. ते फक्त टोपी काढून डोकं पुसतात. आम्ही त्या सकाळी चार फेऱ्या केल्या.

दुपारी जेवणं झाल्यावर मी कॅमेरा टीव्हीला जोडला. आई म्हणाली, “मला गरगरतंय त्येनं.” मी म्हटलं, “नाही गरगरणार, आणि गरगरलं तर बंद करते.” चित्र सुरू झालं. तिने आधी भिंतीला पाठ टेकवली होती. मग पाठ सुटली. मग ती पुढे सरकली. घरात फक्त पावसाचा आवाज, टीव्हीतला आणि बाहेरचा. पहिली फेरी संपली. दुसऱ्या फेरीला म्हणाली, “ह्या कडेच्या बाईला सांग, चार-चार काड्या लावतीया. लगीन हाय का, घोळका करून उबं ऱ्हायाला?” मी हो म्हटलं. मी तोंड सरळ ठेवलं. कॅमेरा ओढ्याकडच्या कोपऱ्यावर आला आणि आईने हात वर केला.

“थांब. मागं घे.”

मी मागे घेतलं.

“आजून. हां. थांबीव. त्यो कोपरा बग. सगळीकडं पानी निवळलंय आन् तितंच गढूळ कसं?”

“कोणी पाय टाकला असेल.”

“पाय टाकलेला असा फिरतो व्हय? पानी फिरतंय तितं. बीळ पाडलंय खेकड्यानं, पानी चाललंय ओढ्यात. येवढं सगळं शूटिंग केलंस, तुला दिसलं न्हाई व्हय?”

“नाही,” मी म्हटलं.

“काठी दे माजी.”

आप्पा, ती उठली. मी चप्पल पुढे केली, ती नको म्हणाली, चिखलात चप्पल काय करायची. ओट्याच्या पायरीपाशी थांबली, त्याच पायरीपाशी. एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर, आणि बोटं माझ्या खांद्यात रुतलेली. ती उतरली. घरापासून खालच्या खाचरापर्यंत तिला पूर्वी दहा मिनिटं लागायची, त्या दिवशी पाऊण तास लागला. तीनदा थांबलो. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा मी म्हटलं, “परत जायचं का?” तर म्हणाली, “पानी वाहतंय तितं, आन् परत जायचं म्हनती.” बायकांनी लांबून बघितलं. एकच गलका, “वैनी आल्या! आगं वैनी आल्या!” आई कोपऱ्यावरच्या धोंड्यावर बसली आणि काठीने दाखवत गेली. दगड इथं, गवताचा बोळा, वर चिखल, आता पायानं दाब, टाचेनं, टाचेनं. शेजारच्या काकूंनी दाबला. पाणी फिरायचं थांबलं, हळूहळू निवळायला लागलं. मग आईने वर तारेकडे बघितलं, पाळण्याकडे, उलट्या सायकलकडे, मिस्त्रीमामांकडे. “ह्ये समदं त्या क्यामेऱ्यासाटी?” मामा म्हणाले, “तुमच्यासाटी.” आईने पदर सारखा केला आणि कडेच्या बाईला म्हणाली, “काड्या दोनच लाव गं.”

त्यानंतर ती रोज जाते. आता मला फोन येतात, की वरच्या खाचरावर पण तार लाव, तिथली मधली रांग बांधावरून दिसत नाही. परवा विचारत होती, रात्रीचं पाणी बघायला त्या कॅमेऱ्याला आत दिवा आहे का. मामा म्हणतायत, पुढच्या वेळी पाळण्याला तिसरं चाक लावू. मी नवीन पानावर चित्र काढतेय. इतकी मजा मला कितीतरी वर्षांत आली नव्हती.

हे पत्र त्याच वहीत लिहिलंय, तारेच्या मापांच्या मागच्या पानांवर. टाकायचं कुठे नाहीच. पण वर एक गोष्ट लिहिली ती झाली तशीच लिहिली, आणि तरी ती खरी नाही. आईने विचारलं, तुला दिसलं नाही का, आणि मी ‘नाही’ म्हणाले. मला दिसलं होतं. सकाळी दुसरी फेरी झाल्यावर कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर बघत होते, तेव्हाच त्या कोपऱ्यातलं गढूळ पाणी फिरताना दिसलं. काय आहे ते कळलं, तुमचीच मुलगी आहे. मामांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, राहू दे, हे तिला सापडू दे. दुपारपर्यंत आपल्या खाचरातलं पाणी मी जाणूनबुजून ओढ्यात जाऊ दिलं. आईला अजून सांगितलेलं नाही.